पिकअपच्या हौद्याला मॅट, लायनर की कोटिंग?

मागच्या पावसाळ्याआधी हौद्यातली मॅट उचलली तर खाली पत्रा पापडासारखा सुटत होता, गोव्यातल्या मालीम जेटीवरून मासळीचे क्रेट आणायचो आणि बर्फाचं खारं पाणी मॅटखाली तसंच मुरत राहायचं. त्यामुळे आधी गाडीत काय भरता ते बघा, मग पैसे घाला.

१. मासळी, बर्फ असेल तर स्प्रे कोटिंगच, म्हणजे पत्र्यावर फवारून बसवलेला जाड थर. महाग पडतं, पण पत्र्याला चिकटून बसतं, मधे पाणी शिरायला जागाच नाही.

२. चिरे (बांधकामाचे जांभे दगड) वाहत असाल तर जाड रबर मॅट. धक्का खाते, माल घसरत नाही. फक्त आठवड्यातून एकदा उचलून खाली गोड्या पाण्याने धुवायचं, आणि सुकल्यावरच परत टाकायची, हे मी करत नव्हतो.

३. तयार प्लास्टिक लायनर, म्हणजे हौद्याच्या आकाराचं आतलं कवच, बसवायला सोपा, खोकी सरकवायलाही बरा. पण रस्त्यावर हलून हलून रंग घासतो आणि गंज नेमका तिथेच धरतो. मला तरी नको.

आणि कोटिंगवाल्याला आधीच सांगा, जुना गंज घासून प्रायमर मारल्याशिवाय स्प्रे नको, आणि पाणी जायची भोकं बुजवायची नाहीत.