फिल्टर कॉफी घरी जमत नाही? या चुका टाळा

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या शेजारच्या अक्कांनी मला कॉफीचा फिल्टर (एकावर एक बसणारी स्टीलची दोन भांडी, वरच्याच्या तळाला छिद्रं) लावायला शिकवला, तेव्हा त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "निधान, निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश. आपल्या मराठी घरांत नेमकं तिथेच चुकतं. आपण कॉफी चहासारखी करतो. दूध, साखर, पूड, जायफळ एका पातेल्यात घालून खळाखळा उकळतो. जायफळाची ती कॉफी मलाही आवडते, पण फिल्टरची पूड तशी उकळली की कडू होते आणि वास सगळा वाफेबरोबर उडून जातो.

डिकॉक्शन उतरतच नाही

डिकॉक्शन म्हणजे पुडीतून थेंबथेंब खालच्या भांड्यात उतरणारा कॉफीचा दाट अर्क. तो उतरत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा पूड दाबून बसवलेली असते. छत्रीने, म्हणजे फिल्टरमधल्या दांडीच्या छिद्रं असलेल्या चकतीने, ती फक्त सारखी करायची, जोर लावायचा नाही. पूड फार बारीक असली किंवा तिच्यात चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका मुळाची भाजलेली पूड) जास्त असली तरी पाणी अडतं. तरीही उतरेना, तर रिकामं वरचं भांडं उजेडाकडे धरून बघा. छिद्रं बुजलेली दिसली तर स्टीलचं भांडं गॅसच्या आचेवर धरून आतली पूड जाळा आणि गार झाल्यावर घासा. अडलेला फिल्टर चमच्याने ढवळू नका, गाळ खाली येतो. वरचं भांडं किंचित उचलून परत ठेवा. खाली कोंडलेली हवा सुटली की थेंब सुरू होतात.

पाच मिनिटांत सगळं पाणी खाली आलं, तर पूड कमी किंवा फार जाड आहे. सुमारे 20 ग्रॅम पुडीला 150 मिली पाणी घ्या. पूड थोडं पाणी पिते, म्हणून 110 मिलीच्या आसपास डिकॉक्शन मिळतं. त्याला 15 ते 20 मिनिटं लागायलाच हवीत.

पाणी निववून ओतणं

'उकळल्यावर दोन मिनिटं थांबा' हा सल्ला आपल्याकडे पाळू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आहे, त्यामुळे पाणी इथे 97 अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात फिल्टरचं थंडगार स्टील. पाणी आणखी निवलं की कॉफी आंबट, पाणचट लागते. फिल्टर आधी गरम पाण्याने विसळून घ्या आणि उकळी येताच पाणी ओता.

पूड किलोने आणणं

आपल्या पावसाळ्यात, त्यातही खानापूर-जांबोटीकडे, उघडी पूड लगेच ओल धरते. 200 ग्रॅमच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, चमचा कोरडा हवा. मसाल्याच्या डब्याशेजारी तर ठेवूच नका. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा; माझ्या मते घरच्या कॉफीला 80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकोरी उत्तम. सुट्ट्या पुडीबद्दल शंका असेल तर थंड पाण्याच्या ग्लासात चिमूटभर टाका. कॉफी वर तरंगते, चिकोरी रंग सोडत तळाशी जाते.

डिकॉक्शन गरम करणं

ते थेट गॅसवर कधीच ठेवू नका, उकळी आली की चव गेली. गार झालं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा. दूध मात्र ताजं, घट्ट आणि पहिल्याच उकळीचं हवं. सकाळपासून चार वेळा तापवलेल्या दुधाचा वास कॉफीत उतरतो. कपात आधी साखर, मग डिकॉक्शन, त्यावर तिप्पट दूध उंचावरून ओतायचं.