स्पिनरच्या प्लेटला तडा जाऊ नये म्हणून

भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये मित्राने स्वतः बांधलेल्या विमानाची स्पिनर प्लेट (प्रोपेलरच्या मधल्या टोकदार टोपीला, म्हणजे स्पिनरला, आधार देणारी चकती) आणली. तडा वाकवलेल्या कडेपासून थेट रिव्हेटच्या भोकापर्यंत! बेंड अगदी धारदार मारलेला. २०२४-टी३ हा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा असा वाकवू नका. आतली गोलाई जाडीच्या निदान तिप्पट ठेवा. आखणी सुईने नको, मार्करने करा, कारण ओरखड्यातूनच तडा फुटतो. भोकांची बर (कडेला उरलेली धारदार कोर) काढा, कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासा. (हे कंटाळवाणं काम मीही पूर्वी टाळायचो.) स्पिनर स्क्रूने ओढून बसवू नका, फट दिसली तर शिम (पातळ पट्टी) घाला. इग्निशन बंद ठेवून प्रोपेलर हाताने फिरवा, स्पिनरचं टोक डगमगतं का बघा. तडा दिसलाच तर टोकाला भोक मारून वेळ मारून नेऊ नका, प्लेट बदला.