जुना बाह्य फ्लॉपी ड्राइव्ह कसा ओळखावा आणि कसा विकावा

घरगुती संगणकांच्या काळातील, म्हणजे ढोबळमानाने १९७८ पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे, बाह्य फ्लॉपी ड्राइव्ह आज विक्रीला येतात तेव्हा त्यांच्याबरोबरची माहिती बहुधा एकाच ओळीची असते: ‘जुना फ्लॉपी ड्राइव्ह, तपासलेला नाही’. अशा ओळीमुळे विकणाऱ्याला कमी किंमत मिळते आणि ज्याला त्या ड्राइव्हची खरी गरज आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचतही नाही. खरेदीदाराचे मुख्य प्रश्न दोनच असतात. हा ड्राइव्ह नेमक्या कोणत्या संगणकाचा आहे, आणि तो कितपत चालतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाही थोड्या निरीक्षणाने देता येते. दुसऱ्याचे उत्तर पूर्ण देता आले नाही, तरी जेवढे पाहिले तेवढे नेमकेपणाने सांगता येते.

ओळख मागच्या बाजूने सुरू करावी

ड्राइव्हचा दर्शनी भाग फसवा असतो. एकाच साच्यातील पेटीत वेगवेगळी यंत्रे बसवली गेली आणि एकाच कारखान्यातील यंत्रणा अनेक कंपन्यांच्या नावाने विकल्या गेल्या. म्हणून आधी ड्राइव्ह उलटा करून तळाचे लेबल वाचावे, मॉडेल क्रमांक, व्होल्टेज आणि हर्ट्झ हे आकडे टिपून घ्यावेत, आणि मग केबलच्या टोकाचा किंवा मागील सॉकेटचा आकार पाहून त्यातील पिना मोजाव्यात. लेबल निघून गेलेले असले तरी पिनांची संख्या शिल्लक असते, आणि बहुतेक वेळा तेवढीच पुरेशी ठरते.

मागे ६ पिनांची दोन गोल सॉकेटे असतील, तर तो बहुधा कमोडोरच्या मालिकेतील ड्राइव्ह आहे. १३ पिनांची, एका बाजूला निमुळती होणारी दोन सॉकेटे असतील, तर तो अटारीच्या ८ बिट संगणकांचा, म्हणजे बहुधा ८१० किंवा १०५०. अटारी एसटीसाठीच्या ड्राइव्हला १४ पिनांची गोल जोडणी लागते. त्यातील एसएफ३५४ एकाच बाजूवर लिहितो आणि ३६० केबी साठवतो, तर एसएफ३१४ दोन्ही बाजू वापरून ७२० केबी साठवतो. हा फरक जाहिरातीत आलाच पाहिजे, कारण बाहेरून दोघे सारखेच दिसतात. डी आकाराचा २३ पिनांचा प्लग अमिगाचा असतो आणि तसाच, पण १९ पिनांचा प्लग अ‍ॅपलचा. खाच असलेल्या कडक कवचाची ३ इंची फ्लॉपी घेणारा ड्राइव्ह असेल, तर प्रथम अ‍ॅमस्ट्रॅडच्या एफडी-१ चा विचार करावा. यूएसबी केबल असलेला ड्राइव्ह मात्र या काळातील नव्हेच. त्याला दुर्मिळ म्हणून विकू नये.

कमोडोरच्या बाबतीत थोडे थांबावे लागते. सर्वांत जास्त आढळणारा १५४१ हा १९८२ मध्ये कमोडोर ६४ बरोबर आला. तो ५.२५ इंची फ्लॉपीच्या एका बाजूवर सुमारे १७० केबी साठवतो आणि त्याच्या पोटात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर व २ केबी रॅम आहे, म्हणजे तो जवळजवळ स्वतंत्र संगणकच आहे. त्याच्या आधीचा १५४० हा कमोडोरच्या व्हिक-२० या संगणकासाठी होता आणि कमोडोर ६४ वर तो पडदा कोरा केल्याशिवाय नीट चालत नाही, पण संग्राहक त्याच कारणाने त्याला शोधतात. १५५१ दिसायला १५४१ चा गडद रंगाचा भाऊ वाटतो, परंतु त्याची केबल कमोडोरच्याच प्लस/४ किंवा सी१६ या संगणकांच्या कार्ट्रिज खाचेत बसते आणि कमोडोर ६४ ला तो निरुपयोगी आहे. सर्वांत हुकण्यासारखा म्हणजे एसएफडी-१००१. त्याची पेटी १५४१ सारखीच असते, मात्र मागे गोल सॉकेटांऐवजी २४ पिनांची रुंद आयईईई-४८८ जोडणी असते आणि तो एका फ्लॉपीवर सुमारे १ एमबी साठवतो. मागची बाजू न पाहता त्याला ‘१५४१, केबल नाही’ असे लिहून विकणे म्हणजे एक दुर्मिळ वस्तू हातची घालवणे होय. १५७१ हा कमोडोर १२८ चा दोन्ही बाजू वापरणारा ड्राइव्ह, १५८१ हा ३.५ इंची आणि ८०० केबीचा, आणि १५४१-२ हा बाहेरच्या वीजपुरवठ्यावर चालणारा आटोपशीर नमुना.

अ‍ॅपलचा डिस्क टू १९७८ मधला. त्याला डी आकाराचा प्लग नसतो. त्यातून २० पिनांची चपटी रिबन केबल निघते आणि ती संगणकातील नियंत्रक कार्डावर बसते. वीजही त्याच केबलमधून येते. ही केबल एक पिन सरकवून लावली, तर संगणक चालू करताच ड्राइव्हमधील चिप जळते. म्हणून ती संगणक पूर्ण बंद असतानाच आणि दोन्ही टोकांच्या पिना डोळ्यांनी पाहूनच लावावी. जवळ नियंत्रक कार्ड असेल तर ते ड्राइव्हसोबतच विकावे, कारण एकाशिवाय दुसरे घेणाऱ्याला अर्धवट वस्तू मिळते. अ‍ॅपलचे १९ पिनांचे नंतरचे ड्राइव्ह अ‍ॅपल टू मालिकेसाठीही निघाले आणि मॅकिंटॉशसाठीही. प्लग सारखा म्हणून ते कोठेही लावून पाहू नयेत, आधी मॉडेल क्रमांक जुळवावा.

ज्या पेटीवर कोणतेच नाव नाही, जिच्यातून ३४ तारांची रिबन केबल आणि वेगळी वीजतार बाहेर येते आणि मागे ४० व ८० ट्रॅक (फ्लॉपीवर माहिती लिहिली जाते ती वर्तुळे) निवडण्याचे बटण आहे, ती बहुधा बीबीसी मायक्रो या ब्रिटिश घरगुती संगणकासाठी विकली गेलेली असते. अशा निनावी पेट्यांना मी विशेष महत्त्व देतो. त्यांच्या आतील प्रमाणित यंत्रणा जुन्या फ्लॉपीतील मजकूर आधुनिक संगणकावर उतरवून घेणाऱ्यांना हवी असते, आणि ग्रीझवीझलसारख्या साधनांना ती थेट जोडता येते. त्यामुळे घरगुती संगणकाशी काही संबंध नसलेला खरेदीदारही मिळू शकतो.

वीज जोडण्यापूर्वी

जुन्या १५४१ मध्ये ट्रान्सफॉर्मर पेटीतच असतो आणि तो एका विशिष्ट व्होल्टेजसाठीच बनवलेला असतो. ११० ते १२० व्होल्टचा ड्राइव्ह २२० ते २४० व्होल्टला लावला तर तो जळेल. अटारीच्या ८१० आणि १०५० ला ९ व्होल्टचा एसी पुरवठा लागतो, त्यांना गोल टोक जुळते म्हणून डीसी अ‍ॅडॉप्टर लावू नये. योग्य अ‍ॅडॉप्टर हाताशी नसेल तर ड्राइव्ह चालू न करता विकणे अधिक शहाणपणाचे आहे.

योग्य पुरवठा असला तरी आधी दार उघडून आत विजेरीचा प्रकाश टाकावा. कित्येकदा आत एखादी फ्लॉपी किंवा वाहतुकीसाठी घातलेले पुठ्ठ्याचे कार्ड राहून गेलेले असते. मॅकिंटॉशच्या ३.५ इंची ड्राइव्हमध्ये फ्लॉपी अडकली असेल तर ती ओढून काढू नये. बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेतील ग्रीस वर्षानुवर्षे पडून घट्ट झालेले असते आणि ओढताना फ्लॉपीची पत्र्याची झडप वरच्या हेडला (फ्लॉपीवर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाला) अडकून ते उखडते. आत सापडलेल्या फ्लॉपीवर आधीच्या मालकाची खासगी पत्रे किंवा हिशेब असू शकतात, म्हणून ती ड्राइव्हबरोबर परस्पर देऊन टाकू नये.

चाचणी

संगणक जवळ नसतानाही काही गोष्टी कळतात. १५४१ एकटाच चालू केला असता लाल दिवा लागतो, मोटर क्षणभर फिरते आणि दिवा विझतो. एवढे झाले तर आतील प्रोसेसर आणि रॉम जागेवर आहेत असे मानायला हरकत नाही. दिवा विझलाच नाही किंवा ठराविक वेळा लुकलुकत राहिला, तर आतील चिपांत दोष आहे. ही निरीक्षणे जशीच्या तशी लिहावीत, त्यांवरून ‘चालू आहे’ असा निष्कर्ष काढू नये.

संगणक असल्यास प्रथम हेड स्वच्छ करावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने हेड अलगद पुसावे. एकाच बाजूवर लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये हेडच्या समोर दाब देणारी बारीक गादी असते, तिला धक्का लावू नये. दोन हेडांच्या ड्राइव्हमध्ये वरचे हेड गरजेपेक्षा जास्त उचलू नये, त्याची पातळ पट्टी वाकली की ड्राइव्ह गेलाच. पहिली फ्लॉपी कमी महत्त्वाची निवडावी आणि तिच्या पृष्ठभागावर बुरशीचे पांढरट डाग नाहीत हे पाहावे, कारण बुरशी आलेली एक फ्लॉपी हेड खराब करते आणि खराब हेड पुढच्या प्रत्येक फ्लॉपीवर चरे पाडते.

त्यानंतर एक कोरी फ्लॉपी फॉरमॅट करावी, तिच्यावर एक छोटा प्रोग्रॅम साठवावा, संगणक बंद करून पुन्हा चालू करावा आणि तो प्रोग्रॅम वाचावा. बंद-चालू करण्यापूर्वी फ्लॉपी बाहेर काढण्याची जुन्या पुस्तिकांतील सूचना आजही पाळावी. १५४१ ने फॉरमॅट केलेल्या रिकाम्या फ्लॉपीची यादी मागवली असता ६६४ ब्लॉक (साठवणीचे छोटे कप्पे) मोकळे असल्याचे दिसते, १५७१ च्या दोन्ही बाजूंना मिळून १३२८ आणि १५८१ वर ३१६०. पडद्यावरील हा आकडा छायाचित्रात घेतला तर तो शंभर शब्दांच्या वर्णनापेक्षा अधिक विश्वास देतो.

चांगले ड्राइव्ह ‘मेलेले’ ठरवले जातात त्यामागे दोन किरकोळ कारणे वारंवार असतात. पहिले म्हणजे चुकीची फ्लॉपी. हे बहुतेक ड्राइव्ह डबल डेन्सिटीचे, म्हणजे कमी दाटीने लिहिणारे आहेत, आणि जास्त दाटीच्या ५.२५ इंची हाय डेन्सिटी फ्लॉपीचा चुंबकीय थर वेगळा असल्याने तिच्यावर ते विश्वासाने लिहू शकत नाहीत. दुसरे म्हणजे उपकरण क्रमांक. कमोडोरचा ड्राइव्ह मुळात ८ या क्रमांकाला उत्तर देतो, पण दुसरा ड्राइव्ह म्हणून वापरण्यासाठी कोणीतरी आतली जोडणी कापून तो ९ वर नेलेला असू शकतो. ८ वरून उत्तर आले नाही तर ९ ते ११ पर्यंत विचारून पाहावे. ३ इंची ड्राइव्हमध्ये आणखी एक नेहमीचे कारण असते: आतील रबरी पट्टा सैल किंवा चिकट होतो आणि फ्लॉपी फिरतच नाही. नवा पट्टा घालणे अवघड नसते, त्यामुळे अशा ड्राइव्हविषयी ‘पट्टा बदलणे आवश्यक’ असे लिहिले की तो दुरुस्तीयोग्य म्हणून विकला जातो.

खरी कसोटी मात्र याच्या पुढे आहे. स्वतः फॉरमॅट केलेली फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह दुसऱ्याने लिहिलेली फ्लॉपी वाचेलच असे नाही. १५४१ मध्ये शून्य ट्रॅक ओळखणारा संवेदक नाही, त्यामुळे फॉरमॅट करताना किंवा वाचनात चूक आली की तो हेडला मागच्या अडथळ्यावर आपटत नेतो. तो खडखडाट नैसर्गिक आहे, पण असंख्य आपटींनंतर हेडची जागा किंचित सरकते. म्हणून त्या काळात कंपनीकडून विकली गेलेली मूळ फ्लॉपी वाचून दाखवणे ही सर्वांत बोलकी चाचणी होय. अनेक १५४१ मध्ये दार खाली दाबून बंद होते, ती आल्प्सची यंत्रणा. ज्यांत आडवी खुंटी फिरवावी लागते ती न्यूट्रॉनिक्सची, आणि तिचे हेड आतून तुटण्याचे प्रमाण जास्त असल्याचे दुरुस्ती करणारे जाणतात. जाणकार खरेदीदार छायाचित्रात आधी हेच पाहतो.

जाहिरात, किंमत आणि पाठवणी

शीर्षकात संगणकाचे नाव, मॉडेल, फ्लॉपीचा आकार आणि व्होल्टेज असावे. छायाचित्रे समोरून, मागून, तळाच्या लेबलाची, प्लगच्या पिनांची आणि पडद्यावरील निकालाची घ्यावीत. वर्णनात काय केले ते क्रमाने लिहावे: कोणत्या संगणकावर जोडला, काय वाचले, काय लिहिले, काय तपासता आले नाही. पेटीचे पिवळेपण लपवू नये. प्लास्टिक पिवळे पडणे हे उष्णता, प्रकाश आणि त्यातील ज्वालारोधक द्रव्यांमुळे होते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने ते उजळवण्याचा मोह विक्रीपूर्वी टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. असमान डाग पडले तर ते परत जात नाहीत, आणि अनेक संग्राहकांना मूळ स्थितीतील पेटीच हवी असते.

किंमत ठरवताना मागितलेल्या किमतींकडे न पाहता प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तशाच ड्राइव्हच्या किमती पाहाव्यात, आणि त्यांतही तपासलेले व न तपासलेले वेगळे काढावेत. मूळ खोके, पुस्तिका, चाचणीची फ्लॉपी, केबल आणि योग्य अ‍ॅडॉप्टर यांनी भर पडते. यंत्र उघडून सुटे भाग वेगळे विकणे हा मार्ग केवळ दुरुस्तीपलीकडच्या ड्राइव्हसाठीच राखून ठेवावा, कारण असे ड्राइव्ह आता कोणी बनवत नाही.

पाठवताना ५.२५ इंची ड्राइव्हच्या दारात मूळ पुठ्ठ्याचे कार्ड घालून दार बंद करावे, म्हणजे हेड वाटेत हादरत नाही. कार्ड हरवले असेल तर फ्लॉपीच्या मापाचा गुळगुळीत जाड पुठ्ठा कापून घ्यावा. ट्रान्सफॉर्मर असलेला १५४१ जड असतो, म्हणून तो दोन खोक्यांत, मध्ये सर्व बाजूंनी भरपूर मऊ भरण घालून बांधावा, आणि अ‍ॅडॉप्टर वेगळा गुंडाळावा, नाहीतर तोच आतल्या आत पेटीवर आदळतो. शेवटी एक चिठ्ठी थेट ड्राइव्हच्या दारावर चिकटवावी: ‘आत पुठ्ठा आहे, तो काढल्याशिवाय वीज जोडू नये.’ खरेदीदार खोके उघडताच बहुधा सर्वांत आधी ड्राइव्ह चालूच करून पाहतो.