कीबोर्ड परका, अक्षरं मात्र हवी ती

कळ दाबली की संगणकाला फक्त तिची जागा समजते. कळीवर काय छापलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्या जागेवर कोणतं अक्षर उमटवायचं ते सेटिंगमधला लेआउट, म्हणजे अक्षरांची मांडणी, ठरवतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या लेआउटवर टंकणाऱ्यांना हे ठाऊकच आहे: कळीवर एच असतो, पडद्यावर प येतो.

विंडोजमध्ये é, ñ असं कळीवर नसलेलं एखादंच अक्षर हवं असेल तर ऑल्ट दाबून ठेवा आणि उजवीकडच्या अंकपट्टीवर आकडा टाका. चढत्या तिरक्या रेघेचा लहान ई ०२३३, नागमोडीचा एन ०२४१, दोन टिंबांचा यू ०२५२, शेपटीचा सी ०२३१. अंकपट्टीवरून आकडे टंकू देणारा नमलॉक चालू हवा. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. सुरुवातीचं शून्य गाळलं तर डॉसच्या जमान्यातलं जुनं कोष्टक वापरलं जातं आणि भलतंच अक्षर येतं. अंकपट्टी नसलेल्या लॅपटॉपवर या फंदात पडू नका.

रोजचं काम असेल तर सेटिंग्जमध्ये इंग्रजी भाषेच्या पर्यायांत जाऊन ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ हा कीबोर्ड जोडा. आता एकेरी अवतरणचिन्ह आणि मग ई दाबला की रेघेचा ई मिळतो. दुहेरी अवतरणानंतर यू दाबला तर दोन टिंबांचा यू, टिल्डनंतर (~) एन दाबला तर नागमोडीचा. अवतरणाची कळ दाबल्यावर लगेच काहीच उमटत नाही, तेव्हा ती बिघडली असं वाटतं. ती पुढच्या अक्षराची वाट बघत असते. नुसतं चिन्ह हवं तर पाठोपाठ स्पेस दाबा. दुहेरी अवतरणात ए-ने सुरू होणारा शब्द लिहिताना हमखास टिंबं चिकटतात, म्हणून प्रोग्रॅम लिहिताना हा लेआउट नकोच. विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबून साध्या लेआउटवर परत या.

मॅकवर ई दाबून धरला की पर्यायांची पट्टी येते. घाई असेल तर ऑप्शन-ई एकत्र दाबा, सोडा आणि पुन्हा ई दाबा. एन आणि यूचंही तसंच. लिनक्सवर सेटिंगमध्ये कंपोज कळ, म्हणजे दोन चिन्हं जोडून एक अक्षर करणारी कळ, नेमून घ्या. ती दाबून अवतरण, मग ई.

समोर परका कीबोर्ड आला की खरी अडचण पासवर्डला होते, कारण चूक ठिपक्यांआड लपते. जर्मन मांडणीत वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. फ्रेंचमध्ये ए-क्यू आणि झेड-डब्ल्यू बदलतात, एम एलच्या उजवीकडे जातो आणि आकड्यांना शिफ्ट लागते. तुर्कीमध्ये नेहमीच्या आयच्या जागी बिनटिंबाचा आय बसलेला असतो. दिसायला जवळपास तोच, पण पासवर्ड नाकारला जातो. शंका असेल तर आजूबाजूला कोणी नाही हे बघून पासवर्ड आधी नावाच्या चौकटीत टंकून पाहा आणि पुसून टाका.

@ साठी उजवा ऑल्ट, म्हणजे ऑल्ट-जीआर, धरा: जर्मनवर त्यासोबत क्यू, फ्रेंचवर शून्य, स्पॅनिशवर २. ब्रिटिशवर मात्र शिफ्टसोबत एकेरी अवतरणाची कळ.

न बघता टंकता येत असेल तर छापील अक्षरं विसरा आणि आपला नेहमीचा लेआउट निवडा. तरी बोटं एका ठिकाणी अडखळतील: युरोपीय कीबोर्डवर डावी शिफ्ट आखूड असते आणि तिच्या शेजारी एक जादा कळ असते. अमेरिकन लेआउटमध्ये ती बॅकस्लॅश उमटवते.

मध्येच वाय-झेड बदलले तर कीबोर्डला दोष देऊ नका. डावा ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले की विंडोज लेआउट बदलू शकतं. तेच पुन्हा दाबा.