रोड बाईक घेताय? फ्रेमचा साईज असा ठरवा

"उंची १७२ आहे, ५४ घेऊ का ५६?" रोड बाईक घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्यावर खरं तर उलटं विचारायला पाहिजे की कुठल्या मॉडेलची ५४? कारण हा आकडा मूळचा सीटखालच्या उभ्या नळीच्या लांबीचा, सेंटिमीटरमध्ये. वरची नळी जमिनीला समांतर असायची तोवर ते ठीक चालायचं. मग ९०च्या दशकात जायंट कंपनीने टीसीआर ही रोड बाईक आणली, तिची वरची नळी मागे उतरती, आणि हळूहळू बाकीच्यांनीही तेच धरलं, सीटची नळी आखूड झाली आणि ५४ हे नुसतं लेबल उरलं. काहीजण तर एस, एम, एलवरच भागवतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. सीटची उंची ॲलन कीने दोन मिनिटांत बदलते, पण हँडल किती लांब आणि किती खाली हे बरंचसं फ्रेमच ठरवून टाकते. त्यामुळे पायाच्या मापाने सुरुवात करायची आणि निर्णय हँडलवरून घ्यायचा.

पायाचं माप

अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, पायात साधारण वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मधे धरून वर सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं दाबायचं, लाजत लाजत धरलं तर माप दोन सेंटिमीटर कमी येतं. पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात ठेवा, वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा, दोन-तीनदा मोजून सरासरी काढा. पँटची लांबी म्हणजे हे माप नाही, तो घोळ घालू नका.

समजा ८० सेंटिमीटर आलं. ०.८८३ ने गुणलं की ७०.६, ही बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे जिथे फिरतात तो फ्रेमचा खालचा भाग) मध्यापासून सीटच्या वरच्या टोकापर्यंतची अंदाजे उंची, सायकलपटू ग्रेग लेमॉन्डच्या नावाने हा फॉर्म्युला प्रसिद्ध आहे. ०.६५ ते ०.६७ ने गुणलं तर ५२ ते ५३.६, हा जुन्या पद्धतीचा फ्रेम साईज. याचा उपयोग एवढाच की कुठले दोन साईज बघायचे ते कळतं.

स्टॅक आणि रीच

आता कंपनीच्या साईटवरचा जिऑमेट्री चार्ट उघडा आणि बाकीचे आकडे सोडून या दोन ओळी शोधा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची पुढची आखूड नळी) वरच्या टोकापर्यंत सरळ उभं अंतर म्हणजे स्टॅक, आणि आडवं अंतर म्हणजे रीच. दोन कंपन्यांच्या फ्रेमची तुलना करायला हेच खरे कामाचे.

पण नुसता रीच बघून फसायला होतं. समजा एका फ्रेमचा स्टॅक ५६०, दुसरीचा ५४० आणि रीच दोन्हीचा ३८५ मिलिमीटर. दिसायला लांबी सारखी, पण दुसरीवर हँडल तेवढंच उंच हवं असेल तर २० मिलिमीटर स्पेसर (हँडल वर उचलायच्या चकत्या) घालावे लागणार, आणि हेड ट्यूब मागे झुकलेली असल्यामुळे हँडल वर जाताना थोडं तुमच्याकडेही येतं, दर १० ला जवळपास ३. म्हणजे दुसरी फ्रेम प्रत्यक्षात ६ मिलिमीटर आखूड बसेल. आधी स्टॅक जुळवा, मग रीच.

तुमचा स्टॅक-रीच किती हवा हे कसं कळणार? एखादी रोड बाईक तुम्हाला बरी बसत असेल, मित्राची का असेना, ती सपाट जमिनीवर मागचं चाक भिंतीला टेकवून सरळ उभी करा. बॉटम ब्रॅकेटचा मध्य आणि हेड ट्यूबचं टोक, दोन्हीचं जमिनीपासून आणि भिंतीपासून अंतर मोजा आणि वजाबाकी करा. झालं. त्या बाईकचा स्टेम (हँडल फ्रेमच्या पुढच्या नळीला जोडणारा तुकडा) किती लांब आणि खाली स्पेसर किती तेही लिहून ठेवा, नाहीतर तुलना अर्धवट राहते.

दोन साईजच्या मधे अडकलात तर

"लहान घे, स्टेम लांब लावता येतो" असा सल्ला हमखास मिळतो. अर्धा बरोबर आहे. लहान फ्रेमवर हँडलही खाली जातं, आणि गुडघे सरळ ठेवून वाकल्यावर हात जमिनीजवळही पोचत नसतील तर ते वर आणायला स्पेसरची चवड लागते, आणि कार्बन स्टीअररवर (हेड ट्यूबमधून वर येणारी फोर्कची नळी) किती स्पेसर चालतात याला कंपनीची मर्यादा असते. पाय लांब आणि धड आखूड असेल तर मी तरी रेस बाईक सोडून एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या आरामशीर राईडसाठीच्या) प्रकारातली बघेन, तिचा स्टॅक जास्त आणि रीच कमी असतो. हात आणि धड लांब असेल, कंबर लवचिक असेल, तर मात्र रेस जिऑमेट्री बिनधास्त बघा.

स्टेम १० मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. ३० ने आखूड करावा लागत असेल तर फ्रेमच मोठी आहे. हल्ली बऱ्याच बाईकना स्टेम आणि हँडल एकच तुकडा असतो, वायरी आतून जातात, तिथे बदल करणं खर्चाचं आणि डोकेदुखीचं, म्हणून घ्यायच्या आधीच विचारून घ्या.

चालवून बघताना

सीट आधी ७०.६ वर (म्हणजे तुमचं जे येईल त्यावर) लावून घ्या, मगच निघा. हूडवर (ब्रेकच्या लिव्हरवरचा रबरी भाग) हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. कोपर ताठ होतंय, मानेत ताण येतोय, सारखं सीटच्या टोकावर सरकतोय असं झालं तर लांबी जास्त आहे. अशा वेळी दुकानदार सीट पुढे सरकवून देतो, ते करू देऊ नका, सीटची पुढची-मागची जागा पॅडल आणि गुडघ्यावरून ठरते, हँडलवरून नाही.

लहान साईज असेल तर हँडल वळवून बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतंय का तेही बघा. लागलं तरी लगेच नाही म्हणू नका, वेगात हँडल एवढं वळतच नाही, फक्त अगदी हळू यू टर्न घेताना पॅडल मारायचं थांबवावं लागेल.