वर्कर्स कॉम्प आणि सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी एकत्र घेताना या चुका टाळा

अमेरिकेत कामावर दुखापत झाली की पैसे दोन ठिकाणांहून येऊ शकतात. राज्याच्या कायद्याप्रमाणे मालकाच्या विमा कंपनीकडून वर्कर्स कॉम्प (कामावरच्या दुखापतीची भरपाई), आणि पगारातून कापल्या गेलेल्या कराच्या जोरावर केंद्र सरकारच्या सोशल सिक्युरिटी खात्याकडून सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी (अपंगत्वाचा भत्ता). दोन्ही एकाच वेळी घेणं कायदेशीर आहे. पण दोन्ही रकमा पूर्णच्या पूर्ण हातात पडतील असं धरून घरखर्च आखला, तर हिशेब पहिल्याच महिन्यात कोलमडतो.

बेरीज नव्हे, मर्यादा पाहा

डिसॅबिलिटी (कुटुंबाला मिळणाऱ्या रकमेसह) आणि कॉम्प यांची बेरीज दुखापतीपूर्वीच्या सरासरी कमाईच्या ८० टक्क्यांवर गेली, की वरची रक्कम साधारणपणे डिसॅबिलिटीतून कापली जाते. समजा सरासरी कमाई महिना ५,००० डॉलर होती. मर्यादा ४,०००. कॉम्प २,६०० आणि डिसॅबिलिटी २,१०० असेल तर बेरीज ४,७०० होते, म्हणजे ७०० जास्त. डिसॅबिलिटी १,४०० वर येते. ही कपात कॉम्प थांबेपर्यंत किंवा निवृत्तीच्या पूर्ण वयापर्यंत चालू राहते. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी ते वय ६७ आहे.

इथे दोन जागी चूक होते. कॉम्प आठवड्याला मिळतो, म्हणून लोक त्याला ४ ने गुणतात. वर्षात ५२ आठवडे असतात, त्यामुळे गुणायचं ४.३३ ने. आठवड्याला ६०० डॉलर म्हणजे महिन्याला २,४०० नव्हे, २,६००. दुसरी जागा सरासरी कमाईची. ती तीन पद्धतींनी काढतात आणि सर्वांत मोठा आकडा धरतात. त्यातल्या एका पद्धतीत अपंगत्व आलं ते वर्ष आणि त्याआधीची पाच वर्षं, यांतलं सर्वाधिक कमाईचं एक वर्ष घेतात. त्या वर्षाची एखादी नोकरी सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत राहून गेली असेल, तर मर्यादाच खाली येते. आपल्या ऑनलाइन खात्यातली कमाईची नोंद जुन्या डब्ल्यू-२ (मालकाकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) शी वर्षवार ताडून पाहा आणि चूक असेल तर अर्जाच्या वेळीच दुरुस्त करून घ्या.

फ्लोरिडा, मिनेसोटा, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत गणित उलटं चालतं: कपात डिसॅबिलिटीत न होता कॉम्पमध्ये होते. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्या माणसाचा अनुभव आपल्याला लागू धरू नका.

‘कॉम्प संपला की अर्ज करू’

ही सर्वांत महागडी दिरंगाई. डिसॅबिलिटीसाठी आजार किमान १२ महिने टिकणारा असावा लागतो, पण ते १२ महिने उलटेपर्यंत थांबावं लागत नाही. पहिले पाच पूर्ण महिने तसेही विनापैशांचे जातात, आणि मागचे पैसे मिळाले तरी अर्जाच्या आधीच्या जास्तीत जास्त १२ महिन्यांचेच. शिवाय वय ३१ किंवा जास्त असेल तर साधारणपणे गेल्या १० वर्षांतली ५ वर्षं काम केलेलं लागतं. काम थांबल्यावर हा पात्रतेचा काळ सरत जातो आणि कॉम्पचा वाद दोन-चार वर्षं सहज चालतो.

कॉम्पमध्ये अंशतः अपंगत्वाचेही पैसे मिळतात, डिसॅबिलिटीत अंशतः असं काही नसतं. डॉक्टरांनी कॉम्पच्या कागदावर नुसतं ‘हलकं काम चालेल’ असं लिहिलं, तर तोच कागद दुसऱ्या फाइलमध्ये तुमच्या विरोधात वाचला जातो. किती किलो उचलता येतं, सलग किती मिनिटं बसता येतं, दिवसातून किती वेळा आडवं व्हावं लागतं, हे आकड्यांत लिहून मागा.

तडजोडीच्या कागदावरचं एक वाक्य

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. कॉम्पचा दावा एकरकमी मिटवला, तरी सोशल सिक्युरिटी ती रक्कम एका महिन्याची धरत नाही, ती पुढच्या काळावर पसरवते. किती दराने पसरवायची हे तडजोडीत लिहिलं नसेल, तर सहसा आधी मिळत असलेला साप्ताहिक दर धरला जातो.

उदाहरण घ्या. तडजोड ९०,००० डॉलरची. वकिलाची फी १८,००० आणि पुढच्या उपचारांसाठी १२,०००. हे दोन्ही स्पष्ट लिहिलेले आणि कागदोपत्री सिद्ध होणारे असतील तर वजा होतात. उरले ६०,०००. आठवड्याला ६०० च्या दराने धरले तर १०० आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, डिसॅबिलिटीच्या गणितात महिना २,६०० कॉम्प मिळतोय असं धरून कपात. तेच ६०,००० उरलेल्या अपेक्षित आयुष्यावर, समजा ३० वर्षांवर, पसरवल्याचं तडजोडीत लिहिलं असेल तर महिन्याला सुमारे १६७ डॉलरच मोजले जातात. बहुतेकांच्या बाबतीत त्याने ८० टक्क्यांची मर्यादा ओलांडलीच जात नाही.

हे वाक्य मूळ करारातच हवं. सही झाल्यावर केवळ कपात टाळण्यासाठी बदललेला आदेश सोशल सिक्युरिटीवर बंधनकारक नसतो. म्हणून सहीआधी कॉम्पच्या वकिलाला सरळ विचारा: आयुर्मानावर पसरवण्याचा मजकूर कोणत्या परिच्छेदात आहे? फी आणि उपचारखर्च वेगळे दाखवलेत का? मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) असेल किंवा लवकरच मिळणार असेल, तर पुढच्या उपचारांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवण्याचाही प्रश्न येतो. तो टाळून पुढे गेलात तर त्या दुखापतीची बिलं मेडिकेअर नाकारू शकतं.

न कळवलेले बदल

कॉम्प सुरू झाला, दर बदलला, थांबला, एकरकमी मिळाला: प्रत्येक वेळी सोशल सिक्युरिटीला लेखी कळवा आणि प्रत जपून ठेवा. विमा कंपनी परस्पर कळवेल असं समजू नका. कॉम्प थांबल्याचं कळवलं नाही तर कपात उगाच चालू राहते. वाढल्याचं कळवलं नाही तर जादा दिलेले पैसे परत मागणारं पत्र येतं. त्यातला आकडा चूक वाटला तर ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करा. आकडा बरोबर आहे, पण चूक तुमची नाही आणि परतफेड झेपत नाही, तर माफीचा अर्ज वेगळा असतो. लोक एकाच्या जागी दुसरा भरतात.

माजी सैनिकांचे अपंगत्वाचे पैसे आणि खासगी विम्याचे पैसे ८० टक्क्यांच्या गणितात येत नाहीत. राज्याची तात्पुरती डिसॅबिलिटी मात्र येऊ शकते, तीही कळवा.

आणि कराच्या वेळी एक धक्का बसतो. कॉम्प एरवी करमुक्त असतो. पण त्याच्यामुळे डिसॅबिलिटीत जितकी कपात झाली, तितका भाग कराच्या दृष्टीने सोशल सिक्युरिटीच धरला जातो. वरच्या पहिल्या उदाहरणात बँकेत १,४०० आले, तरी एसएसए-१०९९ (सोशल सिक्युरिटीकडून करासाठी येणारा वार्षिक फॉर्म) च्या हिशेबात महिन्याचे २,१०० धरले जातात. विवरणपत्र त्या फॉर्मवरच्या आकड्यावरून भरा, बँकेच्या जमा नोंदीवरून नाही.