गिटारच्या वरच्या फळीला गेलेली चीर कशी सांधावी

अकूस्टिक गिटारची वरची फळी बहुधा स्प्रूसची (एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची) आणि जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची असते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत ती आडवी आक्रसते आणि लाकडाच्या रेषांना धरून, अनेकदा ब्रिजपासून (तारा जिच्यावर अडकवलेल्या असतात त्या पट्टीपासून) खालच्या कडेपर्यंत, तडकते. चीर दिसली की हात आधी गोंदाकडे जातो, तो आवरावा. उघडी फट तशीच भरून टाकली, तर पावसाळ्यात लाकडाला फुगायला जागा उरत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारीच नवी चीर जाते.

म्हणून प्रथम तारा सैल कराव्यात. साबणाच्या डबीला भोके पाडून तीत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवावा आणि ती डबी, लाकडाला पाणी लागणार नाही अशा बेताने, गिटारसोबत केसमध्ये बंद करावी. हायग्रोमीटरवर आर्द्रता 45 ते 50 टक्के राखली, तर आठवडाभरात बरीचशी फट आपोआप मिटते.

मग तारा काढून, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा दिवा गिटारच्या पोटात सोडावा. चीर आरपार असेल तर वर उजेडाची बारीक रेघ दिसते. आतली एखादी ब्रेस (फळीला आधार देणारी लाकडी पट्टी) सुटलेली आढळल्यास मात्र गिटार कारागिराकडेच न्यावी.

चिरेवर लाकडाचा पिवळा गोंद किंवा गरम सरस लावावा आणि आतून बोटाने कड हळूहळू वर-खाली हलवावी, म्हणजे गोंद आत ओढला जातो. आतल्या बाजूने गोंदाचे थेंब बोटाला लागले, की तो पोहोचला असे समजावे. वरचा गोंद ओलसर फडक्याने लगेच टिपावा, दोन्ही कडा एका पातळीत आणून वर मेणकागद ठेवावा, हलका दाब द्यावा आणि 24 तास हात लावू नये. सुपरग्लू येथे टाळलेलाच बरा: कडा जुळण्याआधीच तो पकडतो आणि जुन्या लॅकरचे पॉलिशही खातो.

चीर लांब असेल तर आतून स्प्रूसचे 2 मिलिमीटर जाडीचे, साधारण 12 ते 15 मिलिमीटरचे चौकोनी तुकडे दर 5 सेंटिमीटरवर चिकटवावेत. त्यांच्या रेषा चिरेला आडव्या हव्यात, उभ्या बसवल्यास त्यांचा आधार मिळत नाही. हात पोहोचत नाही तेथे तुकड्यावर एक चुंबक चिकटपट्टीने लावावा आणि बाहेरून दुसऱ्या चुंबकाने तो जागेवर ओढून धरावा. मात्र बाहेरच्या चुंबकाखाली मऊ कापड असू द्यावे, कारण ही चुंबके झडप घालतात आणि पॉलिशवर खळगा पाडतात. तुकडे पुरते वाळल्यावर तारा चढवाव्यात, पण पहिल्या दिवशी त्या पूर्ण सुरात न ताणता थोड्या उतरत्या ठेवाव्यात.